पुन्हा येणारा माणूस

राणीच्या बागेकडे निघालेलं कुटुंब संग्रहालय बघायला निघालेलं नसतं. पोरांना वाघ बघायचा असतो, हत्ती बघायचा असतो, २०१७ पासून पेंग्विनही. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेच्या दाराशीच आहे, म्हणून मंडळी जाता जाता आत डोकावतात आणि उंबऱ्यातच थबकतात. बिडाचे नक्षीदार खांब, वर झुंबरं, पायाखाली मिंटनच्या रंगीत फरश्या, समोर प्रिन्स अल्बर्टचा पांढराशुभ्र पुतळा. "चपला इथंच काढायच्या का?" असं कुणीतरी हमखास विचारतं.

कलेच्या इतिहासाची पदविका घेऊन या क्षेत्रात आलेल्या एका तरुणीचं खरं शिक्षण या दारात सुरू झालं. आज ती पन्नाशीकडे झुकली आहे. मधल्या काळात तिने हौशी मार्गदर्शक म्हणून कामाला सुरुवात केली, मग काळा घोडा परिसरातल्या संस्थांमध्ये प्रदर्शनांची मांडणी, चित्रपटांचे खेळ आणि सभासद नोंदणी अशी तिन्ही टेबलं सांभाळली. कधी पगारावर, कधी मानधनावर, कधी नुसत्या प्रवासखर्चावर. संग्रहालयात किती माणसं आली हे सगळेच मोजतात. ती मात्र पहिल्यापासून एकच गोष्ट बघत आली : परत कोण आलं?

चपलांच्या प्रश्नात तिला फार काही दडलेलं दिसलं. १८७२ मध्ये ही वास्तू लोकांसाठी उघडली तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचं नाव मिळालं. हे भाऊ दाजी डॉक्टर, संशोधक, मुंबईचे पहिले भारतीय नगरपाल आणि या संग्रहालयासाठी झटलेले गृहस्थ. पुढे इमारतीची पार रया गेली होती. महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी इंटॅक ही संस्था यांच्यात २००३ मध्ये करार झाला, जीर्णोद्धार झाला, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा-जतन पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. वास्तू इतकी देखणी झाली की माणसं बिचकायला लागली. कुणाच्या तरी बंगल्यात न विचारता शिरल्यासारखी ती भिंतीच्या कडेकडेने चालत.

पहिल्या मजल्यावरच्या मातीच्या मूर्तींपाशी मात्र ही भीड मोडायची. नाना जातीजमातींचे, नाना धंद्यांचे मुंबईकर तिथे वीतभर-हातभर उंचीच्या मातीच्या मूर्तींमधून उभे आहेत. पगड्या, पागोटी, फेटे, टोप्या घातलेली छोटी मातीची डोकी आहेत. एकदा लाल काठाचं लुगडं नेसलेल्या एका आजी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या आणि नातवाला एकेक पगडी ओळखून सांगू लागल्या. ही अमक्यांची, ही तमक्यांची, अशी तर आमच्या सासऱ्यांच्या लग्नातल्या फोटोत आहे. बाजूचे अनोळखी लोक ऐकत थांबले. कुणीतरी एक पगडी चुकली म्हणून वाद घातला. मार्गदर्शकाने बोलायचं काही उरलंच नव्हतं, आणि तिने तोंड मिटून ऐकलं. पुढे तिने आपल्या फेरीची पद्धतच बदलली. आधी माहिती सांगून मग वस्तू दाखवण्याऐवजी ती वस्तूपुढे उभी राहायची आणि विचारायची, "यातलं तुमच्या घरी काय होतं?"

शाळांच्या सहली हे वेगळं प्रकरण. दोन बस, एक शिट्टी, "हात लावू नका, रांग मोडू नका" आणि पाऊण तासात दोन्ही मजले. मुलांच्या डोळ्यांसमोरून शेकडो वस्तू जातात आणि घरी गेल्यावर आठवतो तो बागेतला हत्ती. तिने शिक्षकांशी भांडून भांडून तीन वस्तूंची फेरी सुरू केली. तीनच वस्तू, प्रत्येकीपुढे जमिनीवर बसायचं, पेन्सिलीने काढायचं. "एवढ्या लांब येऊन तीनच?" अशी तक्रार व्हायची. पण त्याच फेरीतली मुलं पुढच्या रविवारी आईबापांना ओढत आणायची, काउंटरवर न थांबता थेट आपल्या वस्तूकडे धावायची आणि ती आपणच शोधून काढल्यासारखी दाखवायची.

समकालीन कला सामान्य माणसाला कळत नाही, हे वाक्य तिने सभांमध्ये इतक्यांदा ऐकलं की त्याचा तिला राग येऊ लागला. या संग्रहालयाने चांगली प्रथा पाडली : आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलवायचं आणि जुन्या संग्रहाशी बोलायला लावायचं. सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, अतुल दोडिया यांची प्रदर्शनं अशी झाली. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी तर इमारतीच्या दर्शनी भागावर कोळ्याचं अवाढव्य जाळं विणलं. जाळं रबरी शिक्क्यांचं होतं आणि शिक्क्यांवर रस्त्यांची जुनी, इंग्रजी अमदानीतली नावं होती, जी आता पाट्यांवरून पुसली गेली आहेत. त्या दिवसांत ती मुद्दाम आत न थांबता बाहेर झाडाखाली उभी राहत असे. बागेत निघालेले लोक थांबत, मान वर करत. "हे काय बांधलंय?" इथून सुरुवात व्हायची आणि दहा मिनिटांत एखादे काका हॉर्नबी रोडवरच्या दुकानांबद्दल बोलू लागलेले असायचे, दुसरे कुणी ट्राम कुठून कुठे जायची ते हातवारे करून दाखवत. संकल्पना, मांडणशिल्प वगैरे शब्द कुणी उच्चारले नाहीत. कलाकृतीने आपलं काम चोख केलं होतं.

मोठ्या प्रदर्शनांचा थाट निराळा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ ची. जॉर्ज विटेटने आखलेली इमारत १९१४ पर्यंत उभी राहिली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं आणि संग्रहालय म्हणून ती उघडली १९२२ मध्ये. तिथे २०१२-१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमचं ममींचं प्रदर्शन आलं तेव्हा फुटपाथपर्यंत रांगा लागल्या. नेस्पेरेनब हा कर्नाकच्या देवळातला पुजारी, त्याला मरून अठ्ठावीसशे वर्षं झालेली. पट्ट्या न सोडता त्याचं सीटी स्कॅन केलं होतं, आणि तो सगळा शोध त्रिमिती चित्रपटातून दाखवला जात होता. प्रेक्षकांना सगळ्यात भावला तो एक मातीचा वाडगा. तो त्याच्या डोक्याला मागून चिकटलेला आहे. ममी करताना ओतलेली राळ घट्ट झाली आणि वाडगा निघेना, असा तज्ज्ञांचा कयास. हजारो वर्षांपूर्वीच्या एका कारागिराची फजिती पडद्यावर बघून आख्खं सभागृह हळहळायचं. चित्रपट आणि वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या की काय होतं, हे तिने तिथे प्रेक्षक म्हणून पाहिलं आणि मनात पक्कं केलं.

पुढच्याच हिवाळ्यात तिथे सायरसचा मृत्तिकालेख-दंडगोल आला. इसवीसनपूर्व ५३९ मध्ये बॅबिलोन जिंकल्यावर इराणच्या बादशहाने कोरवून घेतलेला हा मजकूर. वस्तू वीतभर लांबीची, भाजक्या मातीची, मुंगीच्या पावलांएवढी बारीक अक्षरं. मुंबईतली पारशी कुटुंबं तीन-तीन पिढ्या घेऊन आली. व्हीलचेअरवरचे आजोबा काचेपुढे बराच वेळ गप्प बसलेले आणि मागची रांग कुरकुर न करता थांबलेली, हे दृश्य तिने अनेकदा पाहिलं.

पण अशा प्रदर्शनांबद्दल तिचं मत रोखठोक आहे. गर्दी पाहुण्यासाठी येते आणि पाहुण्याबरोबर निघून जाते. त्याच इमारतीत सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपावरची दीड हजार वर्षांपूर्वीची मातीची शिल्पं कायमची मुक्कामाला आहेत. हातात कमळ घेतलेला एक दाता आहे, त्याच्या केसांच्या बटा बघाव्यात. ममीच्या रांगेतल्या किती जणांनी त्या दालनात पाऊल टाकलं? फार थोड्यांनी. वर्तमानपत्रं पाहुण्याची बातमी देतात, प्रायोजक पाहुण्यासाठी पैसे देतो आणि घरच्या दालनातला दिवा महिनोन् महिने बंद राहतो. एका संस्थेत तर मोठ्या प्रदर्शनासाठी कायमच्या दालनातले पहारेकरी काढून घेतले आणि दालनाला चक्क कुलूप लावलं. तिने लेखी विरोध नोंदवला. कुलूप प्रदर्शन संपल्यावरच निघालं.

पडद्यामागचं काम लोकांना दिसत नाही, आणि तिला ते मनापासून दाखवावंसं वाटतं. परगावाहून कलाकृती आली की पेटी लगेच उघडत नाहीत. निदान चोवीस तास ती दालनातच बंद ठेवतात, म्हणजे मुंबईच्या दमट हवेशी आतल्या वस्तूची हळूहळू गाठ पडते. मग कंडिशन रिपोर्ट. चित्राला बाजूने, अगदी तिरका टॉर्च धरायचा. एरवी न दिसणारी भेग, फुगलेला रंग, जुन्या डागडुजीची कड त्या उजेडात सावल्यांसकट उठून दिसते. एक जण भिंग घेऊन बोलतो, दुसरा फोटोच्या प्रतीवर पेन्सिलीने खुणा करतो : वरचा डावा कोपरा, नखभर ओरखडा, जुना. परत पाठवताना तोच कागद काढून पुन्हा तीच तपासणी. कुणी शिंकलं तरी सगळे दचकतात. कागदावरची चित्रं आणि कापड यांना साधारण पन्नास लक्सपलीकडे उजेड सोसत नाही, तीन-चार महिन्यांनी त्यांना अंधारात विश्रांती द्यावी लागते. "एवढं तिकीट काढून अंधारात काय बघायचं?" असं कुणी चिडून म्हणालं की ती हेच समजावून सांगते. समजलेला माणूस चिडत नाही, उलट शेजाऱ्याला समजावतो.

चित्रपटांचे खेळ तिच्या वाट्याला आले ते योगायोगाने. सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारचा खेळ ठरलेला होता. तिने फिल्म्स डिव्हिजनच्या यादीतून एम. एफ. हुसेन यांचा 'थ्रू द आईज ऑफ अ पेंटर' निवडला. १९६७ चा हा लघुपट, बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळालं होतं. राजस्थानातली गावं, छत्री, कंदील, बूट, गाय. संवाद नाहीत, निवेदन नाही. खेळ संपल्यावर मोठ्या माणसांनी अर्थ विचारला. मुलांनी विचारला नाही. छत्री किती वेळा आली यावर त्यांची जुंपली होती आणि मोजणी जमावी म्हणून त्यांनी तो पुन्हा लावायला लावला. दुसऱ्यांदा बघताना मोठेही मोजू लागले.

अकबर पदमसी यांचा १९७० चा 'सिझिजी' हा त्याहून अवघड. रेषा, ठिपके, आकड्यांच्या हिशेबाने पुढे सरकणारी चित्रं आणि पूर्ण शांतता. दोन मिनिटांत मागून आवाज आला, "अहो, साउंड गेलाय!" प्रोजेक्टरवाला मशीन बंद करायला उठला. त्याला बसवलं, तर चार जण उठून गेले. उरलेल्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. खेळ संपल्यावर त्यांनी फळा मागितला आणि त्या रेषांमागची गणिती जुळणी त्यांना जशी दिसली तशी खडूने मांडून दाखवली. पुढे पदमसींची चित्रं समोर आली की ते हमखास तिथे दिसत.

सत्यजित राय यांचा 'द इनर आय' तिने किती वेळा दाखवला, याचा हिशेब नाही. बिनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनचे चित्रकार. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडून त्यांची दृष्टी गेली आणि त्यानंतरही ते काम करत राहिले. राय त्यांचे विद्यार्थी. १९७२ मधला, जेमतेम वीस मिनिटांचा हा लघुपट. तो संपला की दिवे लगेच लावायचे नाहीत, ही सूचना तिने प्रत्येक नव्या ऑपरेटरला दिली. लोकांना डोळे पुसायला वेळ लागतो.

या खेळांमधून ती एक गोष्ट शिकली आणि पुढे तिच्यावरच सगळी आखणी केली. चित्रपट वीस मिनिटांचा असावा, लगेच दालनात जावं आणि परत येऊन चहा प्यावा. चहा महत्त्वाचा, माणसं बोलतात ती चहापाशी. मणी कौल यांचा 'माटी मानस' हा १९८५ चा चित्रपट मात्र लांब आहे, तो तिने तुकड्यांत दाखवला. एका शनिवारी कुंभारांच्या चाकाचा भाग, पुढच्या शनिवारी भट्टीचा, आणि मधल्या रविवारी मीरपूर खासच्या दात्यापुढे तासभर. त्या महिन्यात धारावीच्या कुंभारवाड्यातून दोन भाऊ आले. त्या शिल्पाची माती कशी मळली असेल, भाजताना ते फुटू नये म्हणून आतून पोकळ का ठेवलं असेल, यावर ते दोघं जे बोलले ते कुठल्याही सूचीपत्रात छापलेलं नाही.

सभासद नोंदणीचं टेबल सगळ्यात रुक्ष, असं तिला सांगण्यात आलं होतं. नोंदवह्या चाळल्यावर तिला वेगळंच चित्र दिसलं. आजीव सभासदांनी एकदाच पैसे भरलेले, त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांच्याशी कुणी बोललेलं नाही. पाकिटं "पत्ता बदलला" असा शेरा घेऊन परत आलेली. अर्ज फक्त इंग्रजीत, त्यावर दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी. काळा घोड्याला ज्याच्या ओळखीचं कुणी नाही, त्याने शिफारस आणायची कुठून? शिफारसीची अट काढायला एका संस्थेने तिला समितीच्या चार बैठकांना बसवलं. शेवटी अट गेली, अर्ज मराठीतही छापला आणि विद्यार्थ्यांसाठी फी वडापाव-चहाच्या हिशेबात परवडेल इतकी खाली आली.

सवलतीच्या आशेने आलेला सभासद दुसऱ्या वर्षी टिकत नाही, हा तिचा ठाम निष्कर्ष. दुकानात दहा टक्के सूट, कॅफेत एक कॉफी फुकट, असल्या आमिषांनी वह्या भरतात आणि वर्षाअखेरीला गळतात. टिकतो तो ज्याला येण्याची सवय लागली. मुंबईकराला हे समजवायला तिला एकच दाखला पुरायचा : लोकलचा पास. पास खिशात असला की दर वेळी जावं की न जावं याचा विचार होत नाही. एक स्टेशन अलीकडे उतरून माणूस सहज चक्कर मारून येतो. ऑफिस सुटल्यावर वीस मिनिटं येऊन एकच चित्र बघून जाणारे सभासद तिने याच दाखल्यावर मिळवले.

लालबागच्या एका भिशीची गोष्ट ती नेहमी सांगते. बायकांपैकी एकीची मुलगी तीन वस्तूंच्या फेरीला आली होती. तिच्यामागून आई आली, आईमागून भिशीतल्या बाकीच्या. एका महिन्याची भिशी त्यांनी संग्रहालयाच्या आवारात लावली आणि जिची भिशी लागली तिने सगळ्यांची सभासद फी भरून टाकली. उद्घाटनाच्या संध्याकाळी त्या पैठण्या नेसून आल्या तेव्हा दारावरच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना निमंत्रणपत्रिका आहे का असं तीनदा विचारलं. तिने पुढे होऊन त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. त्यातल्या एक काकू पुढे शाळांच्या फेऱ्यांना मदत करू लागल्या. कापडाच्या दालनात विणीचा पोत आणि काठाची घडण त्या ज्या अधिकाराने सांगतात, ते ऐकायला ती स्वतः जाऊन बसते.

मार्च २०२० मध्ये सगळी दालनं बंद झाली. पगार कापले गेले, कंत्राटी माणसं घरी बसली. सभासदत्वाचं नूतनीकरण मागायचं तरी कोणत्या तोंडाने, असा कार्यालयाचा सूर होता. तिने पैशांचा विषय न काढता फोन करायला घेतले. तब्येत विचारायची, एका वस्तूबद्दल बोलायचं, ठेवायचं. शनिवारचा खेळ इंटरनेटवर गेला तशी नाशिक, कोल्हापूर, अगदी परदेशातली मराठी माणसंही येऊन बसू लागली. नूतनीकरणाचे पैसे लोकांनी आपण होऊन पाठवले. त्या यादीत कॉफीच्या सवलतीवाले जवळजवळ नव्हते. पदमसींचे रेल्वेवाले होते, भिशी होती, दूर गेलेले जुने विद्यार्थी होते.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. १९११ च्या कावसजी जहांगीर सभागृहाच्या पोटात रचलेल्या त्या अर्धगोल मजल्यांवरून चढत जाताना पान, घड्याळ, मोकळं अवकाश असा त्यांचा सगळा प्रवास उलगडत होता. 'कोरा कॅनव्हास' लिहिणाऱ्या या चित्रकाराच्या वह्यांमधली मराठी टिपणंही तिथे होती. ती आपल्या सभासदांना घेऊन गेली. चित्रांपुढे एरवी अवघडणारी माणसं त्या हस्ताक्षरापुढे वाकून वाचत राहिली, मग मागे वळून चित्राकडे बघत राहिली. पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा अर्धे लोक दुसऱ्याच मजल्यावर होते. त्यांतले बरेच पुढच्या आठवड्यात आपापले परत गेले. अशा खबरा तिला सगळ्यात प्रिय.

हे काही मुंबईपुरतं नाही. साताऱ्याजवळच्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही. पुण्यात केळकर संग्रहालय आहे, कोल्हापुरात टाऊन हॉलचं संग्रहालय आहे. आपल्या गावातल्या संग्रहालयात शाळेच्या सहलीनंतर आपण गेलेलोच नाही, असं अनेकांच्या बाबतीत खरं आहे. वाचकांकडे तिची मागणी साधी आहे. गर्दी नसलेल्या एखाद्या दिवशी जा, एकाच दालनात थांबा, महिन्याभरात त्याच दालनात पुन्हा जा. सभासद होण्याची सोय असेल तर फी भरा. नसेल तर ती सुरू करावी असा चार ओळींचा अर्ज काउंटरवर द्या आणि पोच घ्या. असे अर्ज फाइलला लागतात, आणि ती फाइल समितीपुढे जाते.